अर्धा फळा

नाशिकरोडच्या त्या वसाहतीत ऐंशीच्या दशकात एखाद्या पोराला वादाच्या विषयावर निबंध लिहायचा झाला, म्हणजे 'दूरदर्शन शाप की वरदान' किंवा 'परीक्षा असाव्यात की नसाव्यात' असलं काही, की त्याचे पाय आपोआप कारभारी पगारेंच्या ओट्याकडे वळायचे. पाटबंधारे खात्यातले हे कारकून पोरांना निबंध लिहून मात्र देत नसत. ते म्हणायचे, तुझं म्हणणं मला नंतर सांग. तुझ्याशी जो भांडतो, त्याचं म्हणणं काय ते आधी लिहून आण. आणि असं लिही की वाचून तो म्हणाला पाहिजे, हो, हेच माझ्या मनात होतं. पोरं डोकं खाजवत परत जायची. आयतं मिळेल म्हणून आलेली काही पुन्हा तिकडं फिरकतही नसत.

हे शहाणपण काही कारभारी आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते. उलट सत्तरच्या दशकात त्यांच्याइतका एकतर्फी माणूस साऱ्या नाशिकरोडला दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता.

समाजमंदिराच्या भिंतीवर, दाराच्या उजव्या हाताला, एक फळा होता. वर पिवळ्या रंगात तरुण मंडळाचं नाव, खाली काळा चौकोन, आणि पावसानं अक्षरं धुऊन जाऊ नयेत म्हणून डोक्यावर पत्र्याची छपरी. असे फळे तेव्हा चौकाचौकात असत. बहुतेकांवर कुणाचं तरी निधन, कुणाचं तरी अभिनंदन आणि उद्या पाणी येणार नाही, एवढंच असायचं. इथे मात्र दर रविवारी सकाळी कारभारी स्टुलावर चढायचे आणि वरपासून खालपर्यंत अख्खा फळा भरून लेख लिहायचे. मथळा लाल खडूनं, चारी कडांनी हिरवी वेलबुट्टी, आणि अक्षर असं की शाळेतले मास्तर पोरांना दाखवायला घेऊन यायचे.

फळ्याला एक कायदा होता, आणि तो कारभारींनीच केलेला. रविवारी लिहिलेलं पुढच्या रविवारपर्यंत कुणीही पुसायचं नाही, लिहिणाऱ्यानंसुद्धा नाही. हुंड्यावरचा त्यांचा लेख एका वरबापानं ओल्या फडक्यानं पुसून टाकला होता, तेव्हापासूनचा हा कायदा. मंडळाच्या सभेत टाळ्या वाजवून मंजूर झालेला.

फळ्यासमोर कोंडाजी न्हाव्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून ठेवायचा, दारात यायचं आणि फळा मोठ्यानं वाचायचा, हे कोंडाजीनं आपणहून अंगावर घेतलेलं काम होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते त्याच्या पायरीवर बसून ऐकायचे, लय भारी लिव्हलं म्हणायचे, आणि उठून आपापल्या कामाला लागायचे. कारभारींना वाटायचं, समाज बदलतो आहे. आता लॉटरीचंच बघा. लॉटरीविरुद्ध त्यांनी असा काही जाळ काढला की वाचायला ही झुंबड उडाली. ती झुंबड बघून निवृत्ती लॉटरीवाल्यानं आपलं टेबल उचललं आणि थेट फळ्याखाली आणून मांडलं. दुपारच्या आत त्याची सगळी तिकिटं खपली. संध्याकाळी तो कारभारींना भेटून म्हणाला, असंच लिहीत जा पगारेदादा, लोकं जमतात. कारभारींनी हे कौतुक म्हणून घेतलं. त्यांच्या बायकोनं, चांगुणाबाईंनी, पदर तोंडाला लावून हसून घेतलं.

हे सगळं गमतीत चाललं होतं तोवर ठीक होतं. पण ब्याऐंशी साली त्यांची थोरली मुलगी शकू दहावीला बसली आणि गंमत संपली.

शकू अभ्यासात बरी होती, फार हुशार नव्हती. कारभारींच्या आईचं, भागीबाईंचं, म्हणणं स्पष्ट होतं. पोरगी नापास झाली की शाळा बंद आणि त्याच उन्हाळ्यात लग्न. कळवणकडचं एक स्थळ त्यांनी हेरूनही ठेवलं होतं. कारभारींना मुलीला कॉलेजात पाठवायचं होतं. बरीच हुज्जत घालून त्यांनी आईकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की पास झाली तर लग्नाचं नाव कुणी काढायचं नाही. म्हणजे शकूचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका परीक्षेला टांगलेलं होतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं, शकूला तर जास्तच.

आणि नेमका तोच लग्नसराईचा हंगाम. वसाहतीतलं प्रत्येक लग्न समाजमंदिरापुढच्या पटांगणात लागायचं. पटांगणाच्या कडेला उंच बांबू, बांबूवर लाउडस्पीकरचा कर्णा, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यातून गाणी. पगारेंचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. कर्णा वाजायला लागला की फडताळातली पितळी भांडीसुद्धा थरथरायची. शकू कानात कापूस घालून इतिहासातल्या सनावळ्या पाठ करायची आणि ओठांवर गाणं यायचं.

कर्ण्याचा मालक परका नव्हता. चांगुणाबाईंचा धाकटा भाऊ धोंडीराम गांगुर्डे. लाल अ‍ॅम्प्लिफायर, तबकड्यांची पेटी आणि दोन कर्णे ही त्याची दौलत. गरिबाच्या लग्नात तो भाड्याचा विषयसुद्धा काढायचा नाही. चार घरं सोडून राहायचा. त्याला चहाला बोलावून दोन शब्द सांगितले असते तर कदाचित तिथल्या तिथे मिटलं असतं. पण ज्याच्या हातात खडू असतो त्याला तोंड वापरायचं सुचत नाही. कारभारी स्टुलावर चढले.

मथळा होता 'ध्वनिराक्षसाचा धुमाकूळ'. गाढवालाही कधी कधी आपल्या आवाजाची लाज वाटते, पण काही द्विपादांना वाटत नाही, अशी सुरुवात. पुढे तर विचारूच नका. कोंडाजीनं नेहमीप्रमाणे दारात उभं राहून खणखणीत वाचलं, पायरीवरची मंडळी पोट धरून हसली, आणि मग एकेकाची नजर दुकानातल्या खुर्चीकडे गेली. खुर्चीत अर्धी दाढी झालेला धोंडीराम बसला होता. तो उठला, गळ्यातलं फडकं काढून खुर्चीवर ठेवलं आणि अर्ध्या दाढीनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एक लग्न होतं. धोंडीराम स्वतः बांबूवर चढला आणि कर्ण्याचं तोंड बरोबर पगारेंच्या घराकडे फिरवून त्यानं ते तारेनं करकचून बांधलं. दिवसभर एकच तबकडी. संध्याकाळी चांगुणाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "झाला का समाज बदलून?"

कारभारी हरणारे नव्हते. त्यांना वाटलं, चूक झाली ती एवढीच की पुरावे दिले नाहीत. मग ते वाचनालयात जाऊन बसले आणि पुढच्या रविवारी फळ्यावर कर्णपटल आला, डेसिबल आला, कुठल्याशा परदेशी शास्त्रज्ञाचं नाव आलं. कोंडाजी तिसऱ्या ओळीत अडखळला, चौथीत थांबला, आणि हे ज्याचं त्यानं वाचा बुवा म्हणून गिऱ्हाइकाकडे वळला. पायरीवरचा एक म्हातारा उठता उठता सहज बोलून गेला, की पगारे आता साहेब झाले, गरिबाच्या लग्नाचा आवाज त्यांना टोचायला लागला. हे वाक्य कारभारींच्या मनाला लागलं. जेवताना त्यांनी ते तीनदा बोलून दाखवलं.

चांगुणाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "तुम्ही एवढं लिव्हता. त्यानं कर्णा का घेतला, हे कधी इचारलं का त्याला?"

"का म्हणजे? धंदा आहे त्याचा."

"धंदा नंतरचा. आपल्या लग्नामुळं घेतलाय त्यानं."

आणि त्यांनी सांगितलं. कळवणजवळच्या त्यांच्या गावात ते लग्न झालं होतं. वाजंत्री ठरवली होती, नवरदेवापुढं वाजत गावातून यायची होती. वेशीजवळ ती अडवली गेली. आमच्या दारावरून तुमची वाजंत्री जायची नाही, असं गावातल्या मोठ्या लोकांनी सांगितलं. वाजंत्रीवाले सनया काखेत मारून परत फिरले. घरची वडीलधारी म्हणाली, आवाज करू नका, आधी लग्न लागू द्या. कारभारींना हे आठवत होतं, पण फार खोल पुरून ठेवलेलं. त्यांना जे माहीत नव्हतं ते असं, की नवा सदरा घातलेला एक पोर सकाळपासून वेशीवर वाट बघत होता, कारण वाजंत्रीपुढं नाचायचं काम त्याला मिळालं होतं. वाजंत्री परत गेली तरी तो तिथेच बसून राहिला. बहिणीच्या लग्नाला धोंडीराम मांडवात नव्हताच. तो वेशीवर रडत होता, आणि गडबडीत ते नवरीशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भाकरी ताटात तशीच राहिली. कारभारींना स्वतःची लाज वाटली, आणि राग आला तोही स्वतःचाच. ज्या लग्नाचा तो कर्णा होता त्या लग्नातला नवरदेव तेच होते.

दुसऱ्या दिवशी आणखी एक लग्न होतं. कारभारी पहिल्यांदाच मांडवात पुढे न बसता मागे, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला जाऊन बसले. धोंडीरामनं त्यांच्याकडे बघितलं नाही. सुरगाण्याकडून जीपनं आलेली एक म्हातारी दबकत दबकत मांडवाच्या दारात उभी होती. धोंडीरामनं तिला जवळ बोलावून नाव विचारलं आणि माइकवर सांगितलं, की सुरगाण्याहून आलेल्या चतुराबाईंचं आम्ही स्वागत करतो, त्यांनी पुढं येऊन बसावं. म्हातारीनं वर कर्ण्याकडे बघितलं. शेजारच्या बाईला विचारलं, मलाच म्हणलं का? मग पदर सारखा केला आणि ताठ चालत जाऊन पहिल्या रांगेत बसली. तोवर कारभारींनी कर्ण्यातून फक्त गाणी ऐकली होती. अशी नावं दिवसभर पुकारली जातात, हे त्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते स्टुलावर चढले तेव्हा बेत नीट आखलेला होता. अर्धा फळा धोंडीरामचा, अर्धा आपला. त्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडायचं आणि मग परीक्षेचं सांगायचं. त्यांनी लाल खडूनं लिहिलं, 'कर्णा का वाजतो?' आणि खाली, त्यांच्या नेहमीच्या मानानं अगदी साध्या भाषेत:

'ज्या गावात आमची वाजंत्री वेशीतून परत गेली, त्या गावच्या लोकांनी इथे येऊन बांबूवर कर्णा लावला. त्यातून आमच्या म्हाताऱ्यांची नावं मानानं पुकारली जातात. आयुष्यभर ज्यांना अरे-तुरे ऐकावं लागलं, त्यांना बाई आणि राव लावून बोलावलं जातं. हा आवाज स्टेशनपर्यंत जातो. तो तिथपर्यंत जावा म्हणूनच तो लावलेला आहे.'

लिहिता लिहिता गावची वेस आली, नवा सदरा आला, चतुराबाई आल्या. हात थांबेना. भानावर आले तेव्हा फळा संपला होता. तळाला वेलबुट्टीत बोटभर जागा उरली होती. तिथं त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'लेखकाचे स्वतःचे मत पुढील रविवारी.' ती ओळ हिरव्या पानांमध्ये अशी काही मिसळून गेली की ती कुणाला दिसलीच नाही.

कोंडाजीनं वाचायला सुरुवात केली ती नेहमीच्या खणखणीत आवाजात. अर्ध्यावर त्याचा आवाज खाली आला. शेवटाला आला तेव्हा पायरीवर कुणी लय भारी म्हणालं नाही. मागच्या रविवारी टोमणा मारणारा म्हातारा उपरण्यानं डोळे पुसत होता.

दुपारपर्यंत साऱ्या वसाहतीत बातमी झाली, पगारे फिरले. निवृत्तीनं येऊन हात हातात घेतला आणि म्हणाला, शेवटी आपल्या माणसांत आलात. कारभारी ज्याला त्याला सांगत सुटले, की अहो अजून अर्धं बाकी आहे. ऐकतो कोण? आणि घरी आले तर शकू पुस्तक मिटून बसली होती.

"आप्पा, तुम्ही पण त्यांच्याकडं गेलात?" ती म्हणाली. "मग मी वाचू कुठं?"

कारभारी उठले. बादलीतलं फडकं पिळलं आणि तसेच तडक समाजमंदिराकडे गेले. हात फळ्याकडे जातो न जातो तोच दुकानातून कोंडाजी म्हणाला, "पगारे, कायदा हे." कारभारी फडकं पाठीमागे धरून परत आले. आजवर त्यांनी कुणाकुणाला ओरडून हाच कायदा ऐकवला होता. आता आठवडाभर त्यांचाच फळा त्यांच्याविरुद्ध बोलणार होता आणि त्यांना तो रोज हापिसला जाता-येता वाचावा लागणार होता. पेपर दोन आठवड्यांवर आले होते.

दोन-तीन दिवस गेले. एका संध्याकाळी कारभारी हापिसातून येऊन पाय धूत होते, तर दारात धोंडीराम. ध्वनिराक्षस झाल्यापासून त्यानं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तो आत येऊन खाली सतरंजीवर बसला. चांगुणाबाईंनी चहा ठेवला.

"दाजी," धोंडीराम म्हणाला, "मी वेशीवर बसलो व्हतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कारभारींनी मान स्वयंपाकघराकडे केली.

"मला वाटायचं, ते कुणालाच ठावं नाय." त्यानं कपबशी हातात घेतली, पण प्यायला नाही. "मी फळ्यापुढं चार येळा जाऊन उभा राह्यलो. माझं मला असं बोलता आलं नसतं. आता एक सांगा. खाली कोपऱ्यात बारीक लिव्हलंय, तुमचं मत पुढच्या रविवारी. काय हे तुमचं मत?"

ती ओळ वाचणारा सगळ्या वसाहतीत हा एकच माणूस निघाला. चार वेळा उभं राहून वाचणाऱ्यालाच ती दिसायची.

कारभारींच्या मनात अख्खा अर्धा फळा तयार होता, डेसिबलसकट. पण समोर बसलेल्या माणसाला बघून त्यातलं काहीच सांगावंसं वाटेना. ते म्हणाले, "तुझा कर्णा वाजलाच पाहिजे, धोंडीराम. आता मी त्याला नाही म्हणणार नाही. फक्त आतल्या खोलीत शकू आहे. ती नापास झाली तर आई तिचं लग्न लावते. तू दिवसभर लोकांची नावं पुकारतोस. हिचं नाव पुकारावं असं काही हिच्या हातून होऊ दे, एवढंच माझं मत."

आतून पान उलटल्याचा आवाज आला. धोंडीरामनं चहा संपवला, बशी उपडी घातली आणि उठला. जाताना एवढंच म्हणाला, की पुढच्या रविवारी फळ्यावर यातलं काही लिहू नका, मी बघतो.

त्याच आठवड्यात देवळालीहून आलेल्या वऱ्हाडाचं लग्न होतं. लग्न लागलं, पाहुण्यांची नावं पुकारून झाली, पंगत बसली. आता गाणी सुरू होणार म्हणून पोरं कर्ण्याखाली गोळा झाली, तर माइकवरून धोंडीरामचा आवाज आला. आपल्या वसाहतीतली पोरं परीक्षेला बसलेली आहेत, तेव्हा पेपर होईपर्यंत नावं पुकारून झाली की कर्णा खाली उतरेल, मंडळींनी राग मानू नये. नवरदेवाचे मामा तणतणत आले. कर्णा दिवसभराचा ठरला होता, आमच्या लग्नाचा आवाज बंद करणारे तुम्ही कोण, असं त्यांचं म्हणणं.

धोंडीराम बांबूवर चढून तार सोडत होता. तिथूनच तो म्हणाला, "मामा, आपला आवाज एकदा दुसऱ्यानं बंद केला व्हता, मी व्हतो तिथं. आज आपण आपल्या हातानं करतोय, आपल्याच पोरांसाठी. या दोन्हीत फरक हे."

मामा आणखी थोडं बडबडले आणि पंगतीला जाऊन बसले. वसाहतीतही सगळ्यांना हे पटलं असं नाही. एकदोघांनी त्या हंगामात सिन्नर फाट्यावरून दुसरा लाउडस्पीकरवाला आणला आणि हट्टानं संध्याकाळपर्यंत वाजवला. पण बाकीच्यांनी ऐकलं. खुद्द कर्णेवालाच कर्णा उतरवतो म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? रविवारी कारभारी खडू घेऊन फळ्यापुढे उभे राहिले तर लिहायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी वसाहतीतल्या परीक्षार्थींची नावं लिहिली, खाली शुभेच्छा लिहिल्या आणि तळाची वेलबुट्टी त्या दिवशी काढलीच नाही.

जूनमध्ये निकाल लागला. कारभारी त्या दिवशी मुद्दाम हापिसला गेले होते. घरी बसून वाट बघणं त्यांच्या प्रकृतीला झेपलं नसतं. संध्याकाळी स्टेशनाकडून चालत येत असताना रेल्वेलाइनीच्या पलीकडेच त्यांच्या कानावर आवाज पडला. कर्णा वाजत होता. त्या दिवशी कुणाचं लग्न नव्हतं.

"...कुमारी शकुंतला कारभारी पगारे, पास. आपल्या वसाहतीच्या वतीनं त्यांचं अभिनंदन. त्यांनी पुढं शिकावं."

कारभारी लाइनीपाशीच थांबले. मग ते चालायला लागले, मग जवळजवळ पळायलाच लागले. पटांगणात पोचले तेव्हा धोंडीराम माइकपुढं बसला होता आणि पास झालेल्यांची नावं पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या तयारीत होता. शेजारी खुर्ची टाकून भागीबाई बसल्या होत्या. नातीचं नाव पुन्हा ऐकायचं म्हणून त्या घरी जायला तयार नव्हत्या, आणि कळवणच्या स्थळाबद्दल कुणी विचारलं तर त्यांना ऐकू येत नव्हतं.

कारभारींना बोलायला आधी दम मिळेना. त्यांनी धोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवला, वर बांबूकडे बघितलं आणि म्हणाले, "धोंडीराम, कर्णा जरा आमच्या घराकडे फिरव. तुझी बहीण चुलीपाशी आहे, तिला नीट ऐकू आलं नसेल."